खाऊन तर पाहा वऱ्हाड!

कोकण झालं, महाबळेश्वर झालं, लोणावळ्याची भजीही झाली. या थंडीत गाडी जरा उलटीकडे वळवा. अमरावती ते अकोला, व्हाया गिला वडा!

पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं हसं झालं ते भाजीवाल्यापुढे. 'दादा, पाच रुपयांचा सांबार द्या ना,' मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या गाळेवाल्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, 'ताई, इडली-सांबार पुढच्या चौकात.' मागे उभ्या दोन काकू खुदकन हसल्या. मला हवी होती कोथिंबीर! आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बटाट्याला आलू, टोमॅटोला भेदरं आणि शेंगदाण्यांना फल्ली. त्या दिवसापासून मी निमूट 'कोथिंबीर' म्हणायला लागले. मास कॉमची दोन वर्षं संपेपर्यंत बोलण्यातला 'वो' गेला, 'काहून' गेलं, 'मले-तुले' तर कधीच गेलं. जीभ मात्र बदलली नाही. तिला अजून तर्रीच लागते.

मागच्या डिसेंबरात माझी फ्लॅटमेट सहज म्हणाली, 'तुमच्याकडे खायला काय असतं गं? नुसतं तिखटच ना?' पक्की सदाशिव पेठी मुलगी, तिचा काय दोष? वऱ्हाड पेपरात येतं ते दोनच वेळा. एक, शेतकरी आत्महत्यांचा आकडा आला की. आणि दोन, मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा. फ्रीलान्सर म्हणून मीसुद्धा याच दोन बातम्या विकल्यात. तिथली माणसं जेवतात काय, असं मला कुठल्याही संपादकानं कधी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही कधी सुचवलं नव्हतं.

मग काय, ठरलं! फ्लॅटमेट, तिच्या ऑफिसातला एक कोल्हापूरकर ('तिखट आम्हाला शिकवू नका' कॅटेगरी) आणि मी. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि शनिवारी सकाळी अमरावतीत उतरलो. थंडी सॉलिड होती आणि पोटात कावळे होते.

परकोटाच्या आत

सकाळची सुरुवात पोह्यांनी. थांबा, लिंबू पिळलेले, खोबरं भुरभुरवलेले ते पुणेरी पोहे डोळ्यांसमोर आणू नका. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. वर तरंगतं ते तेल म्हणजे तर्री. त्यावर कांदा, त्यावर सांबार (आता कळलं ना?). शेजारच्या प्लेटमध्ये आलूबोंडा. दिसायला बटाटेवडा, पण इथे तो पावात दडपत नाहीत. तो प्लेटमध्ये फोडायचा, त्यावर रस्सा घालून घ्यायचा आणि तळलेल्या हिरव्या मिरचीचा तुकडा तोडत खायचा. कोल्हापूरकरानं पहिला घास घेतला, नाक पुसलं आणि म्हणाला, 'बरं आहे.' कोल्हापुरी माणसाच्या तोंडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

नाश्ता झाला की गाडी लावा आणि चालत जुन्या शहरात शिरा. राजकमल चौकातून जवाहर गेटकडे आलात की समोर उंच दगडी भिंत दिसते. हा अमरावतीचा परकोट. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या राजवटीत १८०७ च्या सुमारास तो बांधायला घेतला. मोठे दरवाजे पाच, शिवाय छोट्या वाटा, त्यांना म्हणतात खिडक्या. भिंत बांधून राखावी एवढा पैसा आला कुठून? कापसातून. रेल्वे नव्हती तेव्हा इथला कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठी मिर्झापूरला जायचा. पुढे १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघाला.

खाण्याच्या लेखात कापूस कशाला, असं वाटतंय? त्याचं उत्तर इथल्या ठेल्यांवर आहे. कापसामागोमाग मारवाडी आले, गुजराती आले, उत्तरेकडचे आले. त्यांची कचोरी, समोसा, जिलेबी आली आणि इथल्या लाल तिखटात मुरली. म्हणूनच अमरावतीच्या सगळ्यात लाडक्या डिशचं नाव मराठी नाही, हिंदी आहे...

गिला है क्या?

...गिला वडा! गिला म्हणजे ओला. डाळीचे वडे तळून भिजवतात, मऊ झाले की द्रोणात किंवा प्लेटमध्ये घेतात, वर पातळ दही आणि त्यावर चटण्या. 'म्हणजे दहीवडाच ना?' फ्लॅटमेटनं विचारलं. ठेल्यावरच्या भाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं पुरणपोळीला पॅनकेक म्हटलं. दहीवडा गोडाकडे झुकतो. गिला वडा झुकत नाही. पहिला घास थंड, दुसऱ्याला लसूण-मिरचीची चटणी भेटते आणि तिसऱ्याला तुम्ही पुढची प्लेट सांगता. भाऊ विचारतच होते, 'घ्या ना वो ताई, अजून एक?' घेतली!

तिथून अंबादेवी. रुक्मिणीचं हरण याच देवळातून झालं, अशी इथली श्रद्धा. दर्शन घेऊन बाहेर पडलात की रस्त्यावर कचोऱ्यांचे घाणे सुरूच असतात. बसून, एसीत, नॅपकिन मांडीवर घेऊन खायचं असेल तर 'रघुवीर' हे नाव अमरावतीत कुणालाही विचारा. थंडीत गेलात तर सांबारवडी सोडू नका. हिवाळ्यात कोथिंबीर ढिगानं येते. ती खोबरं, तीळ, खसखस आणि तिखटाबरोबर परतून पिठाच्या पातळ पारीत गुंडाळतात आणि तळतात. बाहेरून खुसखुशीत, आत हिरवीगार. सोबत कढी असेल तर लाजू नका, वाटी पुढे करा.

आणि हो, संत्री! नागपूरचं नाव झालं, पण झाडं बघायची तर अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीला जा. रस्त्याकडेला ढीग लागलेले असतात. आम्ही पिशवीभर घेतली आणि संध्याकाळपर्यंत साली उरल्या.

मेन्यू कार्डातलं वऱ्हाड

आता जरा कडू. दुपारी मी दोघांना मोठ्या तोऱ्यात एका चकाचक रेस्टॉरंटमध्ये नेलं. लॅमिनेटेड मेन्यू कार्ड, पानंच पानं. पनीरचे इतके प्रकार की कोल्हापूरकरानं मोजायचं सोडून दिलं. चायनीज होतं, पंजाबी होतं, मेक्सिकनसुद्धा होतं. भरीत नव्हतं. पातोडी नव्हती. भाकरी नव्हती. होती ती 'व्हेज कोल्हापुरी'. कोल्हापूरकर इतका हसला की पाणी त्याच्या नाकात गेलं. 'अगं, एवढ्या लांब येऊन मी व्हेज कोल्हापुरी खाऊ? आमच्या कोल्हापुरात तरी ही कोण खातं!'

मी वेटरदादांना विचारलं, 'वऱ्हाडी काही नाही का?' ते म्हणाले, 'बैंगन मसाला आहे ना.' काउंटरवर बसलेल्या मालकांना विचारलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, 'ताई, लोक मागतच नाहीत. घरी खातातच ना रोज. बाहेर आले की पनीर.'

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीच ती 'लोक'. लहानपणी वाढदिवसाला बाबा हॉटेलात न्यायचे तेव्हा मी काय मागायचे? पनीर. भाकरी म्हणजे गावाकडचं, मागासलेलं. भाजीवाल्यापुढे लाज वाटायच्या कितीतरी आधी मला मेन्यू कार्डापुढे लाज वाटली होती.

संध्याकाळी मात्र बस स्टँडच्या बाजूला एका छोट्या खानावळीत नशीब उघडलं. खडूनं फळ्यावर लिहिलं होतं, पातोडी रस्सा. बेसन शिजवून थापतात, वड्या पाडतात आणि जळजळीत रश्श्यात सोडतात. भाजी नसलेल्या दिवशीची ही भाजी. सोबत ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. भाकरीचे पैसे पोळीपेक्षा जास्त! विचारलं तर मावशी म्हणाल्या, 'ज्वारी पेरते कोण आता? सगळं सोयाबीन.' खरंच आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वऱ्हाडातली ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन पसरत गेलं. सोयाबीन विकता येतं, पण त्याची भाकरी होत नाही. एकेकाळचं गरिबाचं जेवण आज ऑर्डर देऊन करून घ्यावं लागतं.

(नॉनव्हेजवाल्यांनी नाराज होऊ नये. सावजीच्या पाट्या इथेही दिसतात. सावजी मूळ नागपूरचं, हलबा-कोष्टी समाजाच्या घरातलं. काळ्या मसाल्याचा रस्सा. सोबत रुमाल न्या, घाम पुसायला!)

आत्याचं शेत, रोडग्यांचा धूर

रविवारी सकाळी हायवेला लागलो. अमरावती-अकोला रस्ता एकेकाळी नुसता खड्ड्यांसाठी फेमस होता. जून २०२२ मध्ये याच हायवेवर ७५ किलोमीटरची लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस रेकॉर्ड झालं. त्यामुळे आता पोटातला नाश्ता जागेवर राहतो. मूर्तिजापूरहून आत वळलो. इथूनच 'शकुंतला' नावाची चिमुकली रेल्वे एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला अचलपूरला जायची, कापूस वाहायला बांधलेली. आता ती धावत नाही. आम्हाला जायचं होतं दर्यापूरच्या बाजूला, माझ्या आत्याच्या गावी.

हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला. जमीन काळीभोर, पण विहिरीला पाणी लागतं ते खारट. आत्यानं आल्या आल्या कोल्हापूरकराला चाखायला दिलं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. 'आमचं पानी खारं हाय बाप्पा, त्यात दाळ शिजत नाई. सैपाकाचं गोडं पानी वेगळं ठेवा लागते,' आत्या म्हणाली.

आणि तिथे, शेताच्या बांधावर बसून, मला पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकाचा फंडा कळला. ओलीत करायला पाणी नाही म्हणून हिरव्या भाज्या कमी. पावसाच्या ओलीवर काळ्या मातीत येतात त्या तूर आणि हरभरा. म्हणून इथे सगळं डाळीचं आणि बेसनाचं! पातोडी बेसनाची, पिठलं बेसनाचं, गोळाभातातला गोळा बेसनाचा, पोह्यांवरचा रस्सा हरभऱ्याचा, गिला वडा डाळीचा. ज्याला आपण 'नुसतं तिखट' म्हणतो ते कोरडवाहू जमिनीनं शोधून काढलेलं जेवण आहे.

त्या दिवशी रोडगे होते. रोडगे म्हणजे शेतातली पार्टी! इथे नवस फेडायचा तो रोडग्यांनीच. गव्हाच्या जाडसर पिठाला तेलाचं मोहन, पोळीवर पोळी ठेवून वळलेले गोळे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजणं. हे खातं पुरुषांकडे असतं. आत्याचे दीर धुरात डोळे बारीक करून एकेक रोडगा उलटत होते. दुसऱ्या चुलीवर वांग्याची भाजी, तिसऱ्या चुलीवर वरण. भाजून झालं की राख झटकायची, रोडगा फोडायचा, त्यात तूप ओतायचं आणि पत्रावळीवर वरण-वांग्याबरोबर कुस्करून खायचं. चमचा मागणाऱ्याला इथे पाहुणा समजतात.

फ्लॅटमेट तिसऱ्या रोडग्यावर थांबली तर आत्या माझ्यावरच घसरली, 'काहून वो, तुह्या मैतरणीनं एवढंच खाल्लं? पुण्यात काई खाऊ घालत नाई का तुमी तिले?' कोल्हापूरकर पाच रोडगे खाऊन आंब्याखाली आडवा झाला होता.

जेवणं आटोपल्यावर मी आत्याला म्हटलं, 'आत्या, पुण्यात याचं हॉटेल काढलं तर रांगा लागतील.' ती हसली. 'हाटेलात कोन खाईन वो हे? हे त घरचं हाय.' मग भांडी गोळा करताना जरा थांबून म्हणाली, 'आनि घरी तरी कोन करते आता?' तिची दोन्ही मुलं पुण्यात आहेत, हिंजवडीत. सुना गुणी आहेत, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोवऱ्या पेटवता येत नाहीत. दिरांचे हात थरथरतात. पुढच्या वर्षी निखाऱ्यात हात कोण घालणार, हे कुणी बोललं नाही.

परतताना आम्ही तिघंही गप्प होतो. पोट भरल्यामुळे, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

अकोला, दिवस मावळल्यावर

अकोला सकाळी बघायचं शहर नाही. दुपारी तर नाहीच नाही! उन्हाळ्यात रस्ते ओस पडतात आणि दिवे लागले की अख्खं शहर बाहेर येतं. मोर्णेच्या काठी औरंगजेबाचा वजीर असदखानाच्या नावाचा असदगड आहे, तो उन्हं उतरताना बघून घ्या आणि मग गांधी रोड गाठा. मिरचीभजी, कचोरी, आलूबोंडा, रगडा. पाणीपुरीला इथे बरेच जण गुपचूप म्हणतात. नाव एकदम परफेक्ट, कारण तोंडात टाकल्यावर बोलता येतच नाही.

अकोल्याची खरी ओळख मात्र गोणीत भरलेली असते. हे डाळमिलचं शहर. तुमच्या-माझ्या कुकरमधलं वरण कदाचित इथूनच आलेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. इथेच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९६९ मध्ये स्थापन झालेलं. शहराच्या कडेला त्याचं हिरवंगार आवार, आणि शहरात शिरलं की डाळीच्या गोण्या लादलेले ट्रक.

सोमवारी परत निघण्याआधी शेगाव. अकोल्याहून तासाभराचा रस्ता. गजानन महाराजांचं दर्शन आणि शेगाव कचोरी, दोन्ही मस्ट. ही कचोरी जन्मली रेल्वे स्टेशनवर. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबानं १९५० च्या सुमारास स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली आणि गाड्यांच्या खिडक्यांतून ती देशभर गेली. चपटी, आत डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली मिरची. गार झाली तरी बिघडत नाही, म्हणून प्रवासाला बेस्ट. आणि महाराजांचा आवडता नैवेद्य माहितीय? पिठलं-भाकरी. ज्या मुलखाचा देवसुद्धा बेसन आणि ज्वारी मागतो, तिथल्या मेन्यू कार्डाला ती लिहायची लाज का वाटावी?

म्हणून या लेखाच्या शेवटी रेस्टॉरंटची यादी नाही. एकच विनंती आहे. अमरावतीत, अकोल्यात कुठल्याही हॉटेलात बसलात की कार्ड मिटा आणि विचारा, 'पातोडी आहे का? भाकरी आहे का? भरीत?' नाही म्हणतील. तरी विचारा. दहा टेबलांवरून दहा वेळा विचारलं गेलं तर अकराव्याला कुणीतरी फळ्यावर खडूनं लिहील. 'लोक मागत नाहीत' याचा इलाज लोकांनी मागणं, एवढाच आहे.

मी सुरुवात केलीय. परवा भाजीवाल्याला म्हटलं, 'दादा, एक जुडी सांबार.' तो पाहत राहिला. मी कोथिंबिरीकडे बोट दाखवलं आणि नाव मात्र बदललं नाही.

निघण्याआधी हे वाचा

कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हुरडा, संत्री, सांबारवडी, भरिताची वांगी सगळं एकदम. एप्रिल-मे टाळा.

कसं जाल? मुंबईहून अमरावती एक्स्प्रेस, रात्री बसा, सकाळी उतरा. मेन लाइनची गाडी असेल तर बडनेरा, तिथून अमरावती साधारण १० किलोमीटर. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमानही उतरू लागलं.

कुणी घरी बोलावलं तर? लगेच हो म्हणा! आणि गोळाभात मागा. भातात शिजवलेले बेसनाचे तिखट गोळे, वरून लसणाची फोडणी. अकोल्याच्या एखाद्या आजींच्या हातचा मिळाला तर हॉटेलचं बिल वाचेल आणि तुम्ही पुन्हा जाल.

एक दिवस जास्त आहे? चिखलदरा गाठा. मेळघाटातलं थंड हवेचं ठिकाण, महाराष्ट्रात कॉफी पिकते ते इथे. गवळ्यांची रबडीही चाखा.

तिखट झेपत नसेल तर? 'तर्री कमी' म्हणा. हसतील, पण कमी घालतील.